झाडलेली जमीन

१

दुपारी चार वाजता मी चहा टाकतो. बायको गेल्यापासून घरातल्या बाकीच्या वेळा पार विस्कटल्या. जेवण कधी बाराला, कधी तीनला, आणि केर काढणं तर बंदच. पण चारचा चहा मी सोडलेला नाही. किटली गॅसवर, रेडिओ खिडकीत आणि मी त्या खिडकीशी उभा. तिथून मागची बाग दिसते, बागेच्या टोकाचं चेस्टनटचं जुनं झाड दिसतं, आणि त्या वर्षी ऑक्टोबरपासून झाडाच्या अलीकडे एक खड्डाही दिसायला लागला.

खड्डा टॅम्सिनचा. टॅम्सिन प्रोथरो, तिशीची मुलगी, पुरातत्त्वात डॉक्टरेट घेतलेली, गुडघ्याला कायम माती. आमच्या स्कार्नबीत आज एकोणीस घरं आणि एक चर्च आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या कागदांत मात्र चाळीस उंबऱ्यांचं गाव लिहिलेलं आहे, आणि ते गाव नेमकं कुठं बसलं होतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून टॅम्सिननं दारोदार फिरून प्रत्येकाच्या बागेत एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी जागा मागितली. मी चाळीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मोजणीचं काम केलं. जमीन खणू पाहणाऱ्या माणसाला मला नाही म्हणता येत नाही.

बाकीच्यांच्या बागेत फुटकी खापरं निघाली, मातीच्या चिलमींचे तुकडे निघाले, एकाकडे बाहुलीचा पाय निघाला. माझ्याकडे सत्तर सेंटिमीटरवर जमीन निघाली. घरातली जमीन, चोपून बसवलेली, फिकट रंगाची.

"मिस्टर पास्क, जरा खाली वाका. हात लावून बघा," टॅम्सिन म्हणाली.

मी तळवा फिरवला. मधोमध बशीसारखा खोलवा होता.

"खचलीय," मी म्हणालो.

"खचलेली नाही. झाडून झाडून झिजलीय. रोज खराटा फिरायचा ना, दरवेळी चिमूटभर माती जायची. शंभर-दीडशे वर्षं झाडल्यावर जमीन अशी होते."

"तुला हे कसं कळतं?"

"दुसऱ्या ठिकाणीही अशा सापडल्यात. लोकांना वाटतं, त्या काळचे गरीब लोक घाणीत राहायचे." ती हसली. "तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा ही जमीन स्वच्छ होती, राग मानू नका."

"पोरी, माझ्या स्वयंपाकघरापेक्षा डुकरांचा गोठाही स्वच्छ असेल."

विद्यापीठातून कुणी मातीचा जाणकार महिन्याभरानं येणार होता, तोवर खड्डा उघडा ठेवायचा होता. पाऊस आला तर ताडपत्री टाका, एवढंच तिनं सांगितलं. पानं पडली तर पडू देत.

२

पानं खड्ड्यात पडली नाहीत.

हे माझ्या उशिरा लक्षात आलं. चेस्टनटची पानं वीतभर लांब, कडांना करवतीसारखे दात, वाळली की कुरकुरीत. ऑक्टोबरच्या शेवटी गळायला लागली की तीन आठवडे थांबत नाहीत. पॉलीन होती तेव्हा आम्ही दोघं मिळून ती ओढायचो. ती गेल्यावर सहा वर्षांत मी एकदाही ओढली नव्हती. एका मंगळवारी कप हातात घेऊन खिडकीशी उभा होतो, आणि सगळी बाग तपकिरी झालेली असताना मधे तेवढा एक चौकोन फिकट दिसला.

मी बाहेर गेलो. खड्ड्याच्या काठापर्यंत पानं घोट्याएवढी साचली होती. आत एकही नव्हतं. जमीन पुसलेल्या ताटासारखी.

मी स्वतःशी म्हणालो, वारा. खड्ड्यात वारा गोल फिरतो आणि हलक्या वस्तू बाहेर फेकतो. गटारांच्या चेंबरमध्ये मी हे पाहिलं आहे. खात्री करावी म्हणून मी दोन कवळे पानं उचलून खड्ड्यात टाकली. ती तळाशी पडून राहिली. वारा होता, पण ती हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गेली होती.

आता वाऱ्यानं काढली म्हणावं, तर काठाशी ती अडकायला हवी होती. काठावरची पानं जशीच्या तशी होती. मी खड्ड्याशी उकिडवा बसून बराच वेळ आत बघत राहिलो. जमिनीवर बारीक समांतर रेघा होत्या, काटक्यांच्या खराट्यानं उठतात तशा. टॅम्सिनच्या ब्रशच्या असणार, मी म्हणालो. टॅम्सिन येऊन नऊ दिवस झाले होते.

३

शनिवारी तो चौकोन मोठा झाला.

आता खड्ड्याबाहेरही हिरवळ मोकळी झाली होती. आधी वाटलं डोळ्यांचा दोष. मग मी टेप आणि खुंट्या काढल्या, कारण घाबरल्यावर मला मोजण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाचाला थोडी कमी. कोपरे जवळजवळ काटकोनात. त्या रेषेबाहेर पानंच पानं, आत गवत स्वच्छ. एका लांब बाजूला, बरोबर मधे, मीटरभराची फट होती आणि त्या फटीतून एक पट्टा बाहेर आला होता. दोन फूट रुंद, चार पावलं लांब. पट्ट्याचं तोंड माझ्या मागच्या दाराकडे होतं.

मी टॅम्सिनला फोन केला.

"तुमच्यापैकी कुणी माझ्या बागेत येऊन झाडून जातं का?"

"नाही हो. का?"

"साडेदहा बाय पाच म्हणजे काय असेल?"

"तुम्ही जमिनीखालचं दाखवणारं यंत्र आणून मोजणी केलीत की काय? घर असेल. त्या काळच्या घराचं माप साधारण तेच. दार लांब बाजूला असायचं. तुम्हाला कुठं दिसलं हे?"

"काही नाही," मी म्हणालो. "असंच विचारलं."

मला त्या चौकोनापेक्षा एक साधी गोष्ट जास्त खुपत होती. झाडणारा माणूस कचरा कुठं तरी ढीग करतोच. एवढ्या पानांचा माझ्या बागेत कुठंही ढीग नव्हता. कोपऱ्यात नाही, कुंपणाशी नाही, झाडामागे नाही. मी सगळीकडे पाहिलं.

मग मी लोक ज्याला हसतील असं एक काम केलं. बारा मोठी पानं निवडली, पांढऱ्या रंगाच्या पेननं त्यांच्यावर एकपासून बारापर्यंत आकडे घातले आणि ती त्या पट्ट्यावर ओळीनं ठेवली. सोमवारी सकाळी एकही आकडा बागेत नव्हता, आणि पट्टा तीन पावलं पुढे आला होता.

४

त्याच सोमवारी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत पडली.

"एडविन पास्क, तुझी पानं तुझ्याकडे ठेव. बी. गॅदरकोल."

बेरिल गॅदरकोल माझी शेजारीण. सहा वर्षांत ती माझ्याशी, किंवा मी तिच्याशी, एक शब्द बोललो नव्हतो. आमच्या दोन बागांमध्ये हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं दाट कुंपण आहे आणि कुंपणात एक लाकडी फाटक. पॉलीन आणि बेरिल तीस वर्षं त्या फाटकातून ये-जा करत होत्या. साखर संपली, ये. केक फुगला नाही, ये. नवऱ्याचा राग आला, मग तर धावतच ये.

पॉलीन आजारी पडली तेव्हाही बेरिल रोज यायची. वाटीत सूप आणि तोंडात गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. वरच्या खोलीतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. एका दुपारी मला ते हसणं सहन झालं नाही. मी चार रात्री झोपलो नव्हतो. जिन्याखाली बेरिलला अडवलं आणि म्हणालो, "तिला आता विश्रांती हवी आहे. तू येऊ नकोस." बेरिलनं वाटी टेबलावर ठेवली आणि गेली.

पॉलीन रोज विचारायची, बेरिल का आली नाही? मी सांगायचो, तिला सर्दी झालीय, तुला लागेल. दहाव्या दिवशी पॉलीन गेली. दफनानंतरच्या आठवड्यात मी त्या फाटकावर दोन फळ्या आडव्या ठोकल्या. का ठोकल्या ते मलाच नीट सांगता आलं नसतं. बेरिलचं तोंड बघितलं की ते दहा दिवस आठवायचे, एवढंच.

चिठ्ठी वाचून मला राग आला. चार पानं उडून पलीकडे गेली असतील, तर तेवढ्यावरून माणसानं सहा वर्षांचं मौन सोडावं? मी चिठ्ठी टेबलावर टाकली आणि उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी चार वाजता मी किटली ठेवली, रेडिओ लावला, आणि रेडिओच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज ऐकला. मी रेडिओ बंद केला.

सर्र. सर्र. सर्र. मग थांबला. पुन्हा तीन वेळा. पुन्हा थांबला.

खिडकीतून बाग दिसत होती. नोव्हेंबरचा उजेड चारला उतरायला लागतो, पण अंधार नव्हता. बागेत कुणी नव्हतं. फक्त पट्ट्याच्या टोकाशी पानं जागची सरकत होती, हातभर, पुन्हा हातभर, कुणी सवयीनं, घाई न करता ओढावीत तशी. सरकत ती बाजूला जात होती, कुंपणाच्या दिशेनं, आणि फाटकाखालच्या फटीपाशी मला दिसेनाशी होत होती.

मी रेडिओ पुन्हा लावला. मोठ्यानं.

५

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी मागचं दार उघडलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीकडे जायलाही पुढच्या दारानं गेलो. रोज चारला आवाज यायचा आणि रोज जरा जवळून यायचा. मी स्वतःला सांगत होतो की चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या कानात काहीही वाजू शकतं. डॉक्टरांना दाखवू. डोळेही दाखवू. पण कान आणि डोळे दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकच गोष्ट खोटी कशी सांगतील?

त्यात माझं स्वयंपाकघर. जमिनीवर सहा वर्षांचा केर. टेबलाखाली पावाचा चुरा, कोपऱ्यात धुळीच्या गाठी, पॉलीनची चप्पल अजून दाराशी. ते जे कोण दाराकडे येत होतं, ते झाडायला येत होतं, आणि आत आलं तर त्याला काय दिसेल याची मला लाज वाटायला लागली. भीतीच्या पोटात लाज, असा विचित्र प्रकार मी आयुष्यात अनुभवला नव्हता.

शुक्रवारी थंडी एकदम वाढली. आकाश साफ, वारा पडलेला. चार वाजले. किटली वाजायच्या आधीच आवाज सुरू झाला, आणि या वेळी तो दाराला लागून होता. खराट्याच्या काड्या दगडी पायरीवर खरखरत होत्या. दाराच्या फळीच्या जाडीपलीकडे. तीन वेळा सर्र, मग थांबला.

मग टक, टक, टक.

झाडून झाल्यावर खराटा उलटा धरून दांडा दगडावर आपटतात ना, काड्या सारख्या करायला, तसा. पॉलीनही असाच आपटायची. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होतो. मला नक्की ठाऊक होतं की आता कडी वाजेल.

कडी वाजली नाही. पुन्हा टक, टक, टक. जरा जोरात. कुणाला तरी हाक मारावी, आणि हाक मारायला शब्द नसावेत, तसं ते होतं.

मी उघडलं नाही. रेडिओ वाढवला, किटली बंद केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा चारचा चहा घेतला नाही.

६

सकाळी साडेसातला उजाडलं. सगळीकडे हिवाची पांढरी साय होती. रात्रभर खुर्चीत बसून माझी मान अवघडली होती आणि भीतीचा मला कंटाळा आला होता. भीतीचाही कंटाळा येतो. मी कडी काढली.

पायरी लखलखीत होती. बागेतली पानं हिवानं पांढरी झाली होती, आणि पायरीपासून तो पट्टा हिरवागार निघाला होता. पट्ट्यावर हीव नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत तो इथपर्यंत आला होता. आता तो इथून पुढे गेला होता. पायरीशी वळून, भिंतीच्या कडेनं, सरळ कुंपणातल्या फाटकापर्यंत.

तो माझ्या घरात येत नव्हता. मला बाहेर नेत होता.

मी घरातल्या पायमोज्यांनीच चालत गेलो. फाटकापाशी उभा राहिलो तेव्हा पलीकडून आवाज आला. खोकल्याचा. बारीक, कोरडा.

"बेरिल?"

पुन्हा खोकला.

फळ्या मी स्वतः ठोकल्या होत्या, चार इंची खिळ्यांनी, आणि त्या उपटायला पहार आणावी एवढा वेळ नाही असं मला कुठून तरी पक्कं वाटलं. मी खांद्यानं धडक दिली. तिसऱ्या धडकेला कुजलेला खांबच मोडला आणि मी फाटकासकट पलीकडे पडलो.

बेरिलच्या लाकडांच्या खोपट्यामागे, जिथं माझ्या बागेतून काहीही दिसत नाही, तिथं पानांचा ढीग होता. कंबरेएवढा, लांबट. चेस्टनटची पानं. बेरिलच्या बागेत एकही चेस्टनट नाही. ढिगाच्या एका टोकाशी तिचा चेहरा होता, मेणासारखा, डोळे मिटलेले, आणि हनुवटीपर्यंत पानं चापून बसवलेली. शेजारी पानं उचलायचा लांब दांड्याचा काटा आडवा पडला होता. तिच्या खांद्याशी एक पान होतं, त्यावर माझ्या अक्षरात पांढरा सात.

मी गुडघ्यांवर बसलो आणि तिच्या गालाला हात लावला. गार, पण मेलेल्या माणसाचा गारवा मला ठाऊक आहे, तो नव्हता. पानांत हात घातला तर आत ऊब होती, बिछान्यात असते तशी.

तेव्हा ढिगाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या पावलांपाशी, काही तरी हललं. पानं दाबली जात होती. लेकराच्या पायांखाली पांघरूण खोचतात तशी, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मी मान वर केली. खोपट्याच्या कोपऱ्याशी मला एक पाठ दिसली. वाकलेली, ठेंगणी, गोणपाटाच्या रंगाचं काही तरी पांघरलेली. पापणी लवायच्या आत ती कोपऱ्यापलीकडे गेली.

मी तिच्यामागे गेलो नाही. बेरिलच्या घरात धावलो आणि फोन उचलला.

७

शहरातल्या हॉस्पिटलात बेरिलला पाच आठवडे ठेवलं. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मेंदूला किंचितसा झटका येऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंच्या मते झटका कुठंही आला असता. न्हाणीघरात, जिन्यावर. "पण उणे चार अंशात सोळा तास उघड्यावर," त्या म्हणाल्या, "हे मला समजत नाही. पानांत शिरायचं त्यांना सुचलं, हे त्यांचं नशीब."

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. द्राक्षं नेली होती. बेरिलनं आधी द्राक्षांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बिया आहेत?"

"नाहीत."

"मग बस."

मी बसलो. कुठून सुरुवात करावी कळेना. तिनंच केली.

"दोन आठवडे माझ्या खोपट्यामागे तुझी पानं वाढत होती. मी म्हटलं, बघा, थेरडा फाटकाखालून ढकलतोय. चिठ्ठी टाकली तर उत्तर नाही. म्हणून शुक्रवारी काटा घेतला आणि म्हटलं, सगळी उचलून परत त्याच्या दारात ओतते. साडेतीन वाजले असतील. पहिलाच काटा मारला आणि डाव्या पायातलं बळ गेलं."

"म्हणजे तू ढिगामुळेच पडलीस."

"ढिगावर पडले. फरशीवर पडले असते तर डोकं फुटलं असतं." तिनं एक द्राक्ष तोंडात टाकलं. "एडविन, एक विचारते. मला वेडी म्हणू नकोस. मी वर पडले होते. सकाळी मी खाली कशी?"

मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"रात्रभर कुणी तरी माझ्याभोवती झाडत होतं," ती म्हणाली. "मला ओलांडून, वळसा घालून. जसं आपण खुर्ची-टेबलाभोवती झाडतो. मधेच पुटपुटायची. शब्द आपलेच वाटायचे, पण एकही कळेना. रागावलेली होती. मला वाटतं, तुझ्यावर. दर थोड्या वेळानं तुझ्या घराकडे जायची आणि आणखी तणतणत यायची."

"मी दार उघडलं नाही," मी म्हणालो. "चार वाजता ती दाराशी आली होती, बेरिल. दोनदा आपटलं तिनं. मी रेडिओ मोठा केला."

"घाबरलास?"

"हो."

"मीही उघडलं नसतं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मला एवढंच कळत नाही, की मी पडायच्या आधी दोन आठवडे तिला कसं ठाऊक होतं."

मलाही कळत नाही. आजही नाही. ढीग मला दिसला नव्हता आणि बेरिलला दिसला होता, एवढ्यावर सगळं फिरलं. त्यापलीकडे विचार गेला की मी तो मागे ओढतो.

पण दार न उघडण्याचा विषय निघालाच होता, तर मी दुसरंही सांगून टाकलं. पॉलीनचे शेवटचे दहा दिवस. सर्दीची थाप. ती तुझी वाट बघत गेली, आणि ते माझ्यामुळे. सांगताना मी माझ्या हातांकडे बघत होतो.

बेरिलनं द्राक्षांचा घड बाजूला ठेवला.

"सर्दी होय," ती म्हणाली. "मला वाटलं, तू निदान न्यूमोनिया तरी सांगशील. अरे, तू दुपारी औषधं आणायला गेलास की पॉलीन मला फोन करायची. रोज. तास तास बोलायचो. शेवटच्या दिवशीसुद्धा. म्हणाली, त्याला खोटं बोलू दे बेरिल, सध्या त्याला तेवढंच जमतंय."

शेजारच्या खाटेवरची बाई वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकत होती.

"मग सहा वर्षं तू बोलली का नाहीस?"

"तू फाटकाला खिळे ठोकलेस! मी म्हटलं, ठोकणाऱ्यानंच काढावेत." तिनं माझ्या हातावर चापट मारली. "रडू नकोस इथं. ती बाई बघतेय. रुमाल घे."

८

त्या सकाळनंतर खराटा पुन्हा वाजला नाही. चेस्टनटची उरलेली पानं पडली ती खड्ड्यातही पडली, पायरीवरही पडली. मातीचा जाणकार आला, जमिनीचे दोन ठोकळे कापून घेऊन गेला. मी खड्ड्यावर ताडपत्री टाकली. एका रविवारी मी स्वयंपाकघर झाडलं. दोन बादल्या केर निघाला. चांगलं झाडलं असं म्हणता येणार नाही, पण झाडलं.

खड्डा बुजवायचं मार्चपर्यंत लांबलं, कारण बेरिलनं निरोप धाडला होता की मी आल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. ती वॉकर पुढे ढकलत, थांबत, शिव्या देत माझ्या बागेत आली. टॅम्सिननं तिच्यासाठी खुर्ची आणली. मी आणि टॅम्सिन खड्ड्यात उतरलो, ताडपत्री काढली, साचलेली पानं हातांनी वेचून वर दिली. खालची फिकट जमीन पुन्हा उघडी झाली. तिच्यावर कापड अंथरायचं, मग माती.

"हे गाव उठलं कसं?" बेरिलनं वरून विचारलं.

"कुणी लिहून ठेवलेलं नाही," टॅम्सिन म्हणाली. "एका वर्षी कागदांत नावं आहेत, पुढच्या नोंदीत नाहीत. मधे काय झालं ते कळत नाही."

"नावं काय होती?"

"पुरुषांचीच आहेत. बायकांची लिहीत नसत."

मी कापडाचं टोक धरून त्या खोलव्याच्या मधोमध गेलो.

"एडविन पास्क," वरून आवाज आला, "बूट काढ."

"काय?"

"चिखलाचे बूट घालून उभा आहेस. कुणाच्या तरी घरात. लाज वाटत नाही? बूट काढ."

मी टॅम्सिनकडे पाहिलं. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं, बेरिलनंही नाही. मला वाटलं ती हसेल. मी काठाला टेकून एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही वर गवतावर ठेवले. मग पायमोज्यांनी त्या जमिनीवर उभा राहिलो.

मार्चमधली, सत्तर सेंटिमीटर खोलीवरची, हिवाळाभर ओल प्यायलेली माती. तिच्या थंडीनं पाय बधिर व्हायला हवे होते, पण तळव्यांना ऊब लागत होती.

मी जागचा हललो नाही. माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. टॅम्सिननं क्षणभर माझ्या पायांकडे पाहिलं, मग खाली बसली आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.